सुधारित हेपॅरिन आणि पुन्हा अरुंद होणारी धमनी: प्रयोग कोणत्या क्रमाने करावा

पुण्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या आणि जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध गेली काही वर्षे माझ्याकडे वाचनासाठी येत असतात. त्यांत एक विषय पुनःपुन्हा दिसतो. अरुंद धमनी उघडण्यासाठी आत फुगवलेल्या फुग्याने (अँजिओप्लास्टीत) किंवा अन्य कारणाने धमनीच्या आतल्या स्तराला इजा झाली की मधल्या स्तरातील मृदुस्नायू पेशी वाढू लागतात, आत सरकतात आणि नळी पुन्हा अरुंद करतात. ही वाढ रोखण्यासाठी रक्त गोठू न देण्याची क्षमता काढून टाकलेले, म्हणजेच सुधारित, हेपॅरिन वापरून पाहायचे. कल्पना पक्क्या पायावर उभी आहे. हेपॅरिनने उंदरांच्या धमनीतील ही वाढ कमी होते हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हा गुण गोठणरोधक क्षमतेपासून वेगळा करता येतो हे १९८० मध्ये दाखवले गेले. तरीही आपल्याकडील बहुतेक प्रबंधांतून निष्कर्ष निघत नाही, कारण पेशींवर किंवा प्राण्यांवर दिसलेला परिणाम सुधारित रेणूचा होता, उरलेल्या गोठणरोधक अंशाचा होता, की प्रक्रियेत राहून गेलेल्या रसायनाचा होता, हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

ही चूक शेवटच्या टप्प्यावर होत नसते. ती पहिल्या तीन टप्प्यांत घडते आणि शेवटी फक्त दिसून येते. म्हणून पुढील मांडणीत तयारीला आणि क्रमाला अधिक जागा दिली आहे. एका टप्प्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

ज्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी झालेली आहे अशा वाचकांसाठी एक स्पष्ट सूचना: हा लेख प्रयोगशाळेसाठी आहे. येथे वर्णन केलेले पदार्थ माणसाला द्यायचे नाहीत, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या हा लेख वाचून कमी-जास्त करायच्या नाहीत.

टप्पा १: प्रश्न नेमका करणे आणि परवानगी

सर्वप्रथम एका वाक्यात प्रश्न लिहून काढावा. ‘सुधारित हेपॅरिनचा रिस्टेनोसिसवर (धमनी पुन्हा अरुंद होण्यावर) परिणाम’ हा प्रश्न होत नाही. ‘अँटिथ्रॉम्बिनला चिकटण्याची क्षमता काढून टाकलेले हेपॅरिन, मूळ हेपॅरिनच्या समान वजनी मात्रेत, इजेनंतर १४ दिवसांनी अंतःस्तराचे क्षेत्रफळ कमी करते का?’ हा प्रश्न आहे. (अँटिथ्रॉम्बिन हे रक्तातील प्रथिन; हेपॅरिन त्याच्यामार्फतच गोठण रोखते.) त्यात रेणूत काय बदलले, कशाशी तुलना करायची, कधी मोजायचे आणि काय मोजायचे, या चारही गोष्टी ठरलेल्या आहेत.

या प्रश्नातूनच तुलनेचे नमुने ठरतात, आणि ते किमान चार असावेत: मूळ हेपॅरिन, सुधारित हेपॅरिन, मॉक हेपॅरिन, म्हणजे मुख्य अभिकर्मक वगळता बाकी सर्व पायऱ्यांतून नेलेले हेपॅरिन, आणि केवळ द्रावक. पेशींच्या प्रयोगात पाचवा नमुना म्हणून कॉन्ड्रॉइटिन सल्फेट घ्यावे. तेही ऋणभारित साखळीच आहे, पण मृदुस्नायू पेशींची वाढ हेपॅरिनसारखी रोखत नाही. त्यामुळे दिसलेला परिणाम निव्वळ ऋणभाराचा आहे का, याचे उत्तर मिळते. मॉक नमुना वगळण्याकडे सर्वांचा कल असतो, कारण तो तयार करण्यात मूळ प्रयोगाइतकाच वेळ जातो. माझ्या मते या संपूर्ण कामात सर्वांत मोलाचा नमुना तोच आहे.

प्राण्यांवरील भागासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे फॉर्म बी भरून अर्ज करावा लागतो. ज्या केंद्रीय समितीला आपण पूर्वी सीपीसीएसईए म्हणत असू, तिला आता सीसीएसईए म्हणतात. जुन्या प्रबंधातून नाव उतरवून घेऊ नये. प्रत्येक गटात किती प्राणी हवेत याचे संख्याशास्त्रीय गणित अर्जातच द्यावे. ‘पूर्वीच्या कामात सहा होते म्हणून सहा’ हे समर्थन नव्हे, आणि फुग्याच्या इजेत प्राण्यागणिक होणारा फरक पाहता ही संख्या बहुधा अपुरी ठरते.

*तपासणी:* परवानगीचे पत्र हातात येईपर्यंत टप्पा २ ते ४ करता येतात. टप्पा ५ मधील प्राथमिक पेशी उंदरापासूनच घ्यायच्या असल्याने पत्राआधी त्या काढू नयेत. टप्पा ६ ची तारीख ठरवू नये.

टप्पा २: कच्चा माल

येथे सर्वाधिक होणारी चूक अगदी साधी आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी हेपॅरिन इंजेक्शनची बाटली आणून त्यापासून सुरुवात केली जाते. अशा बाटल्यांत, विशेषतः अनेकदा वापरायच्या बाटल्यांत, बेंझिल अल्कोहोलसारखे परिरक्षक असते. ते पेशींना अपायकारक असल्यामुळे वाढ कमी झालेली दिसते, आणि विद्यार्थी आनंदाने तो आकडा हेपॅरिनच्या नावावर लिहितो. सुरुवात नेहमी परिरक्षक नसलेल्या हेपॅरिन सोडियमच्या भुकटीने करावी.

बाटलीवरील प्रमाणपत्रातील तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात: प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलता, स्रोत आणि लॉट क्रमांक. अमेरिकी औषधसंहितेच्या दर्जाच्या हेपॅरिनची क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम किमान १८० युनिट असते. स्रोत डुकराच्या आतड्याचा आहे की गोवंशाचा, याला महत्त्व आहे, कारण दोहोंमध्ये सल्फेट गटांची मांडणी वेगळी असते आणि गोवंशाच्या हेपॅरिनची प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलता कमी भरते. संपूर्ण प्रकल्पाला पुरेल इतकी भुकटी एकाच लॉटची घ्यावी. हेपॅरिन हा एकच रेणू नसून लहानमोठ्या साखळ्यांचे मिश्रण आहे. साखळ्यांचे वजन साधारण ३,००० ते ३०,००० डाल्टन, आणि सरासरी १५,००० च्या आसपास. लॉट बदलला की मिश्रण बदलते.

शुद्धता पाहण्यासाठी प्रोटॉन एनएमआर करून घ्यावा. हेपॅरिनच्या ॲसिटिल गटाचे शिखर २.०४ पीपीएमच्या जवळ येते. २.०८ च्या जवळ शिखर दिसल्यास डर्माटन सल्फेट, आणि २.१५ च्या जवळ दिसल्यास अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असण्याची शक्यता असते. २००८ मध्ये ज्या भेसळीमुळे अमेरिकेत हेपॅरिनचे लॉट परत मागवावे लागले, ती हीच होती. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत एनएमआरची सोय आहे. आपल्या महाविद्यालयाचे पत्र घेऊन आधीच नमुन्याची वेळ ठरवून घ्यावी, म्हणजे हे काम आठवडाभर अडून राहत नाही.

आता पुण्याच्या पावसाळ्याविषयी. हेपॅरिन भराभर ओलावा ओढते. जुलैमध्ये वजनकाट्याचे दार उघडे ठेवून सावकाश वजन करत बसल्यास काट्यावरील आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये तेच द्रावण केले, आणि ऑगस्टमधले सर्व परिणाम सौम्य आले. ‘औषध बिघडले’ असे समजून त्याने दोन महिने घालवले. प्रत्यक्षात त्याने हेपॅरिनबरोबर पाणी तोलले होते. भुकटी डेसिकेटरमध्ये ठेवावी, बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, एकदाच मोठे वजन करून लहान कुप्यांत द्रावण भरून गोठवावे, आणि कार्ल फिशर पद्धतीने ओलाव्याचे प्रमाण काढून प्रत्येक वजन दुरुस्त करावे.

*इशारा:* मात्रा मिलिग्रॅममध्येच लिहावी. सुधारित हेपॅरिनची गोठणरोधक क्रियाशीलता जवळजवळ शून्य असते, म्हणून युनिटमध्ये मात्रा जुळवण्याचा प्रयत्न केल्यास एका गटाला दुसऱ्याच्या कित्येक पट पदार्थ दिला जातो.

टप्पा ३: रेणूत बदल करणे

बदलाच्या अनेक वाटा आहेत. नत्रावरील सल्फेट काढून तेथे ॲसिटिल गट बसवता येतो. अल्कधर्मी द्रावणातून फ्रीज ड्राय करून दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानावरील सल्फेट काढता येतात. हायड्रॉक्सिल गटांवर ब्युटिरिलसारखे स्निग्ध गट जोडता येतात. प्रथमच हे काम करणाऱ्याने पेरिआयोडेटची वाट धरावी असे माझे मत आहे. तिला लागणारी साधने कोणत्याही महाविद्यालयात असतात, सल्फेट गट जागच्या जागी राहतात, आणि गोठणरोधक क्षमता का जाते याचे कारण स्पष्ट सांगता येते.

ते कारण असे. हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिनला पाच शर्करांच्या एका विशिष्ट क्रमाने पकडते, आणि असा क्रम सुमारे एक-तृतीयांश साखळ्यांतच असतो. त्या क्रमात सल्फेट नसलेले एक ग्लुकुरॉनिक आम्ल आहे, ज्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनवर शेजारी-शेजारी मोकळे हायड्रॉक्सिल आहेत. पेरिआयोडेट नेमका तेथे वार करून दोन कार्बनमधील बंध तोडते. शर्करेचे कडे उघडते, साखळी मात्र तुटत नाही. अँटिथ्रॉम्बिनची पकड तेवढी सुटते.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. हेपॅरिनचे प्रति मिलिलिटर १० ते २० मिलिग्रॅम द्रावण करून ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे आणि सामू ५ च्या आसपास आणावा.

२. थंड सोडियम पेरिआयोडेट मिसळून अंतिम प्रमाण ०.०५ ते ०.१ मोलर करावे. कुपी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून अंधारात, ४ अंशांवर सुमारे २४ तास ढवळत ठेवावी. प्रकाशात पेरिआयोडेट नको त्या प्रक्रिया करते आणि साखळ्या तोडते.

३. जास्तीचे पेरिआयोडेट संपवण्यासाठी एथिलीन ग्लायकॉल घालून तासभर ठेवावे.

४. थंड पाण्यात डायलिसिस करावे, म्हणजे द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यात ठेवून लहान रेणू बाहेर जाऊ द्यावेत. ही पायरी अनेक जण वगळून थेट पुढे जातात. एथिलीन ग्लायकॉल आणि पेरिआयोडेट यांच्या संयोगातून फॉर्माल्डिहाइड तयार होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. पडदा १,००० ते ३,५०० डाल्टनच्या मर्यादेचा असावा. हेपॅरिनची साखळी लांबट असल्याने ती गोलसर प्रथिनांच्या तुलनेत सहज निसटते, म्हणून ‘सरासरी वजन १५,००० आहे, तर १०,००० चा पडदा चालेल’ हा हिशेब चुकतो.

५. फ्यूम हूडमध्ये सोडियम बोरोहायड्राइड थोडे-थोडे घालून, सामू ७ च्या आसपास सांभाळत काही तास क्षपण करावे. हायड्रोजन वायू बाहेर पडतो. झाकण घट्ट लावू नये आणि जवळ ज्योत नसावी.

६. उरलेले बोरोहायड्राइड सौम्य आम्लाने, सामू ४ पर्यंत आणून, काही मिनिटांत संपवावे आणि लगेच उदासीन करावे.

७. प्रथम मिठाच्या द्रावणात, नंतर शुद्ध पाण्यात डायलिसिस करून फ्रीज ड्राय करावे.

या क्रमात सामूकडे इतके लक्ष का द्यायचे, हे समजून घेणे आवश्यक आहे. क्षपणापूर्वी उघडलेल्या शर्करेवर अल्डिहाइड गट असतात आणि अशी साखळी अल्कधर्मी द्रावणात तुटते. क्षपणानंतर नेमके उलट होते: तीच जागा आम्लात तुटते. पाचव्या पायरीपूर्वी अल्कली नको आणि सहाव्या पायरीत आम्ल रेंगाळायला नको, एवढे सांभाळले नाही, तर हाती येते ते सुधारित हेपॅरिन नसून हेपॅरिनचा चुरा असतो, आणि लहान तुकड्यांचे गुणधर्म निराळे असतात. मी वाचलेल्या एका प्रबंधात सहावी पायरी ‘रात्रभर’ अशी लिहिलेली होती. साखळीची लांबी मोजलेलीच नव्हती, त्यामुळे पुढील ऐंशी पानांवर काहीच म्हणता आले नाही.

मॉक नमुन्यासाठी पेरिआयोडेट सोडून सातही पायऱ्या, त्याच दिवशी, त्याच पडद्याने कराव्यात.

टप्पा ४: हाती काय आले याची खात्री

येथे थांबायचे, कितीही घाई असली तरी. चार तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय एकही पेशी खर्च करू नये.

पहिली, *गोठणरोधक क्रियाशीलता.* शुद्ध अँटिथ्रॉम्बिन वापरून क्रोमोजेनिक (रंग मोजण्याच्या) पद्धतीने अँटी-टेन-ए, म्हणजे गोठणघटक टेन-ए रोखण्याची क्षमता, मोजावी. सुधारित नमुन्यात ती मूळच्या काही टक्क्यांवर आलेली असावी आणि मॉक नमुन्यात टिकलेली असावी. मॉकमध्येही ती घसरली असेल तर नुकसान पेरिआयोडेटने केलेले नाही, तुमच्या हाताळणीने केलेले आहे. सोबत एपीटीटी, म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणीही करावी. सल्फेटित साखळी भारी मात्रेत हेपॅरिन कोफॅक्टर टू या दुसऱ्या प्रथिनामार्फत थ्रॉम्बिनला रोखू शकते, आणि ते अँटी-टेन-एमध्ये दिसत नाही.

दुसरी, *साखळीची लांबी.* जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीत मूळ, मॉक आणि सुधारित हे तिन्ही नमुने एकाच दिवशी चालवावेत. शिखर लहान वजनाकडे लक्षणीय सरकले असल्यास टप्पा ३ पुन्हा करावा.

तिसरी, *रचना.* एनएमआर पुन्हा करावा आणि टप्पा २ मधील आलेखाशेजारी ठेवून पाहावा.

चौथी, *पेशींना घातक अवशेष.* स्टार्च-आयोडाइड कागदाने पेरिआयोडेटचा अंश तपासावा. एंडोटॉक्सिनसाठी, म्हणजे जिवाणूंच्या विषारी अंशासाठी, एलएएल चाचणी करावी, पण हेपॅरिन स्वतःच त्या चाचणीत ढवळाढवळ करते. म्हणून ठाऊक प्रमाणात एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते पुरते मोजले जाते का, हे पाहिल्याशिवाय ‘नाही’ असा निकाल मानू नये.

द्रावणाचे प्रमाण मोजण्यातही एक सापळा आहे. डीएमएमबी रंगाची चाचणी सल्फेट गटांवर अवलंबून असते, त्यामुळे सल्फेट काढलेला नमुना त्यात कमी भरतो. कार्बाझोल चाचणी युरॉनिक आम्ले मोजते, आणि पेरिआयोडेटने त्यांपैकीच काही उघडलेली असतात. म्हणून सुधारित नमुन्याचे प्रमाण मूळ हेपॅरिनच्या आलेखावरून वाचू नये. ओलावा वजा करून कोरड्या वजनावर विसंबावे.

टप्पा ५: पेशींवरील चाचणी

उंदराच्या महाधमनीच्या मधल्या स्तरातून काढलेल्या प्राथमिक मृदुस्नायू पेशी घ्याव्यात, आणि तिसऱ्या ते सहाव्या पिढीपर्यंतच वापराव्यात. पुष्कळदा पुढे नेलेल्या पेशी हेपॅरिनला दाद देईनाशा होतात. मग मूळ हेपॅरिनचाही परिणाम दिसत नाही आणि सुधारित पदार्थ उगाच नापास होतो. अल्फा मृदुस्नायू ॲक्टिनच्या रंगाने पेशींची ओळख पटवून घ्यावी. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेली प्रस्थापित पेशीमालिका पद्धत बसवण्यासाठी उपयोगी पडते, अंतिम निष्कर्षासाठी मात्र प्राथमिक पेशीच हव्यात.

पेशी विरळ पेराव्यात. दाटीवाटीने पेरलेल्या पेशी आपोआप वाढायच्या थांबतात आणि रोखण्यासारखे काही उरत नाही. चिकटल्यानंतर ०.१ ते ०.५ टक्के सीरममध्ये ४८ ते ७२ तास ठेवून सर्वांना एकाच विश्रांत अवस्थेत आणावे. त्यानंतर १० टक्के सीरमसह, आणि पेशींच्या ताटलीतील स्वतंत्र विहिरींत पीडीजीएफ-बीबी या वाढघटकासह, वाढीला चालना द्यावी. दोन्ही चालना हव्यात, कारण हेपॅरिन सीरममधील अनेक वाढघटकांना स्वतःला चिकटवून घेते, आणि एका चालनेला दिसलेला प्रतिबंध दुसरीला तितकाच दिसेल असे नाही. नमुने चालनेबरोबरच घालावेत. मात्रा प्रति मिलिलिटर १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम अशा पायऱ्यांनी ठेवाव्यात. सीरमचा लॉट शेवटपर्यंत एकच.

मोजणी कशी करायची यावर दरवर्षी वाद होतो. एमटीटी ही रंगाची चाचणी स्वस्त आहे आणि सर्वत्र उपलब्ध आहे, म्हणून सर्व जण तीच करतात. पण एमटीटी पेशींचा चयापचय मोजते, संख्या नव्हे. पेशी सोडवून प्रत्यक्ष मोजाव्यात, आणि डीएनए तयार होत आहे का हे नव्या डीएनएत बसणाऱ्या बीआरडीयू किंवा ईडीयू या खुणेच्या रेणूंनी पाहावे. एमटीटी जोडीला ठेवण्यास हरकत नाही.

यानंतर करायची तपासणी माझ्या पाहण्यात दहांपैकी आठ प्रबंधांत नसते. हेपॅरिन पेशी मारत नाही, त्यांना थांबवते, आणि हा थांबा उलटवता येतो. म्हणून ७२ तासांनंतर काही विहिरींतील द्रव काढून, दोनदा धुऊन, नुसते १० टक्के सीरम घालावे. पेशी पुन्हा वाढू लागल्या तर परिणाम खरा. त्या उठल्याच नाहीत तर तुम्ही विषारीपणा मोजत आहात. टप्पा ३ मधील चौथ्या पायरीकडे परत जावे.

*इशारा:* याच पेशींतून आरएनए काढून पीसीआर करायचा असल्यास, हेपॅरिन पीसीआर आणि आरएनएपासून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर या दोहोंना रोखते हे लक्षात ठेवावे. ‘हेपॅरिन दिलेल्या गटात जनुक बंद झाले’ असे वाटते, प्रत्यक्षात अभिक्रियाच बंद पडलेली असते. आरएनए लिथियम क्लोराइडने अवक्षेपित करावे किंवा हेपॅरिन तोडणारे हेपॅरिनेझ वापरावे, आणि ठाऊक प्रमाणातील बाहेरचे आरएनए घालून अभिक्रिया चालते याची खात्री करावी.

टप्पा ६: फुग्याने इजा

ही शस्त्रक्रिया लेख वाचून शिकता येत नाही. ती करता येणाऱ्या व्यक्तीजवळ उभे राहून, आधी मृत प्राण्यावर सराव करून शिकावी. येथे फक्त निष्कर्ष बिघडवणाऱ्या जागा सांगतो.

साधारण ३५० ते ४५० ग्रॅम वजनाचे नर स्प्रेग-डॉली उंदीर घेतात. डाव्या बाह्य कॅरोटिड धमनीतून २ फ्रेंच मापाचा फोगार्टी फुगा मुख्य कॅरोटिडमध्ये सरकवून, सलाइनने फुगवून, हलका अडथळा जाणवेल इतपत ताण ठेवत, फिरवत-फिरवत तीनदा मागे ओढतात. उजवी धमनी बिनइजेची तुलना म्हणून ठेवतात. सर्व प्राण्यांवर एकाच व्यक्तीने शस्त्रक्रिया करावी, आणि कोणत्या प्राण्याला काय मिळणार हे तिला ठाऊक नसावे. आतला स्तर पूर्ण खरवडला गेला का, हे पाहण्यासाठी सुरुवातीच्या दोन-तीन प्राण्यांत इव्हान्स ब्लू रंग देऊन पाहावे. खरवडलेला भाग निळा दिसतो. मध्येच पांढरे पट्टे राहिले असल्यास हात बसेपर्यंत मुख्य प्रयोग सुरू करू नये.

आता सर्वांत गंभीर चूक. शस्त्रक्रियेत नळी चोंदू नये म्हणून ती हेपॅरिन मिसळलेल्या सलाइनने धुण्याची सवय सर्वांनाच असते, आणि त्याच सवयीने द्रावकाच्या गटातील प्राण्यांनाही हेपॅरिन मिळते. मधल्या स्तरातील पेशी इजेनंतर साधारण २४ तासांनी डीएनए बनवू लागतात आणि ४८ तासांच्या सुमारास ती क्रिया शिगेला पोहोचते. हेपॅरिनचा प्रभाव नेमका या सुरुवातीच्या खिडकीत सर्वाधिक असतो. त्यामुळे तुलनागटाला शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेली ‘थोडीशी’ मात्रादेखील दोन गटांमधील फरक पुसट करू शकते. हे मी प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे. चौदा दिवसांनी सर्व गट सारखे आले, आणि कारण एका जुन्या फ्लश बाटलीवरील लेबल वाचल्यावर कळले. टेबलावर साधे सलाइनच असावे, आणि बाटलीवर त्या दिवसाची तारीख व गटनिरपेक्ष अशी खूण असावी.

त्याच कारणासाठी औषध उशिरा सुरू करू नये. ऑस्मॉटिक पंप (प्राण्याच्या शरीरात बसवलेला, औषध सावकाश सोडणारा लहान पंप) वापरत असल्यास तो आदल्या रात्री ३७ अंशांवरील निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून चालू करून घ्यावा. कोरडा बसवलेला पंप कामाला लागेपर्यंत पहिले काही तास वाया जातात, आणि तेच तास महत्त्वाचे असतात. १४ दिवसांनी पंप काढल्यावर त्यात उरलेल्या द्रवाची अँटी-टेन-ए आणि साखळीची लांबी तपासावी. शरीराच्या तापमानाला दोन आठवडे राहिलेला पदार्थ तोच आहे का, हे त्यातून कळते.

मूळ हेपॅरिनच्या गटात मानेत रक्त साठण्याची शक्यता अधिक असते. पहिले ४८ तास दर काही तासांनी श्वास, सूज आणि हालचाल पाहावी. प्राण्याला त्रास होत असेल तर प्रयोग थांबवण्याचे निकष अर्जात लिहिलेले असतात, ते पाळावेत. वेदनाशामक सर्व गटांना सारखेच आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. ॲस्पिरिन प्लेटलेटवर परिणाम करते, म्हणून ते टाळावे.

गोठण चाचणीसाठीचे रक्त सायट्रेटच्या नळीत, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट या प्रमाणात घ्यावे. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असते; ती या खोलीतून बाहेरच ठेवावी. प्लाझ्मा तासाभरात वेगळा करून गोठवावा. कात्रजहून पाषाणपर्यंत संध्याकाळच्या रहदारीत रक्ताची नळी तशीच नेली, तर वाटेत प्लेटलेटमधून बाहेर पडणारे प्रथिन हेपॅरिनला निष्प्रभ करत राहते आणि आकडा कमी येतो.

टप्पा ७: मोजमाप आणि वाचन

१४ व्या दिवशी धमनी दाबाखाली स्थिर करावी. दाब १०० ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, आणि सर्व प्राण्यांत एकच. दाबाविना स्थिर केलेली धमनी आक्रसते आणि तिचा अंतःस्तर जाड भासतो. छेद धमनीच्या मधल्या भागातून, ठरावीक अंतरावर, किमान चार-पाच घ्यावेत. टोकांकडून नवा आतला स्तर परत वाढत येत असतो, त्यामुळे टोकाजवळचा छेद मधल्या छेदाहून वेगळे सांगतो. लवचीक पापुद्रे स्पष्ट दिसावेत यासाठी व्हेरहॉफ-व्हॅन गीसन रंग वापरावा. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा.

अंतःस्तर आणि मध्यस्तर यांचे गुणोत्तर सर्व जण देतात, पण केवळ तेवढ्याने भागत नाही. औषधाने मध्यस्तरही बदलला असेल तर गुणोत्तर फसवते. दोन्ही क्षेत्रफळे, आतली मोकळी जागा आणि बाह्य लवचीक पापुद्र्याने वेढलेले क्षेत्रफळ हे चारही आकडे द्यावेत. जमल्यास प्रत्येक गटातील काही प्राणी ४८ तासांवर घेऊन बीआरडीयूने पेशीविभाजन मोजावे; तसे केल्यास १४ दिवसांचा फरक कोठून आला, हे दाखवता येते.

निष्कर्ष लिहिताना सुधारित नमुन्याची तुलना तीन ठिकाणी करावी. द्रावकाहून अंतःस्तर कमी, मूळ आणि मॉक हेपॅरिनच्या जवळपास, आणि त्याच प्राण्यांच्या प्लाझ्मात अँटी-टेन-ए व एपीटीटी सामान्य: हे तिन्ही एकत्र असतील तरच ‘गोठणरोधक गुणाशिवाय वाढ रोखली’ असे लिहिता येते. यांतील एखादा आकडा हाती नसेल, तर वाक्य तेवढ्याने आखूड करावे.

माणसाविषयी लिहिताना हात आणखी आखडता घ्यावा. उंदरात इतके चांगले काम करणारे हेपॅरिन माणसात अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. अँजिओप्लास्टीनंतर १८ ते २४ तास हेपॅरिन देऊन १९८९ मध्ये, आणि एनोक्सापॅरिन (लहान साखळ्यांचे हेपॅरिन) महिनाभर देऊन १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रिस्टेनोसिस कमी झाले नाही. उंदराच्या कॅरोटिडमध्ये निरोगी भिंतीवर पेशींची वाढ होते; माणसाच्या रोगट धमनीत फुग्यानंतर संपूर्ण नळीच आक्रसण्याचा वाटा मोठा असतो. स्टेंट तो आक्रस धरून ठेवते आणि मागे उरते ती पेशींचीच वाढ, जी आज सिरोलिमससारखी औषधे लावलेल्या स्टेंटने रोखली जाते. तुमच्या पदार्थाला जागा असेल तर ती या चौकटीत कोठे आहे, हे चर्चेच्या प्रकरणात सांगावे लागेल.

आणखी एक तपासणी प्रबंधाच्या मर्यादेत बसते आणि तरीही सुटून जाते. गोठणरोधक क्षमता गेली म्हणजे हेपॅरिनचे सर्व धोके गेले असे नव्हे. हेपॅरिनमुळे प्लेटलेट घटण्याचा जो गंभीर विकार माणसात होतो, त्याची सुरुवात साखळी पीएफ-४ या प्रथिनाला चिकटण्यापासून होते, आणि ते चिकटणे साखळीच्या लांबीवर व सल्फेट गटांच्या संख्येवर अवलंबून असते, अँटिथ्रॉम्बिनवर नव्हे. पेरिआयोडेटने दोहोंपैकी काहीच फारसे कमी होत नाही. म्हणून सुधारित नमुना पीएफ-४ ला किती चिकटतो, हे मूळ आणि मॉक हेपॅरिनच्या शेजारी ठेवून मोजावे. उरलेल्या एखाद-दोन मिलिग्रॅम भुकटीतही हे काम होते, मात्र त्यासाठी ती डेसिकेटरमध्ये, लॉट क्रमांकासह जपून ठेवलेली असली पाहिजे.